शंभर बिऱ्हाडांचा भार

मुंबईतील अँटॉप हिलच्या टेकडीखालील शंभर बिऱ्हाडांच्या एखाद्या इमारतीत दिवे, पंखे, फ्रीज, इस्त्री, गीझर आणि एसी या सर्वांच्या वॅटांची बेरीज केली, व ती दर बिऱ्हाडी 5 किलोवॅट भरली असे धरले, तर एकूण जोडभार 500 किलोवॅट होतो. तथापि तेवढ्या भाराची तरतूद कोणताही जाणता अभियंता करीत नाही, आणि त्यात कुचराई मुळीच नसते. सकाळी नळाला पाणी आले की एका घरी 2 किलोवॅटचा गीझर लागतो, तेव्हा रात्रपाळीहून परतलेला शेजारी निजलेला असतो. गीझर पाणी तापताच आपोआप बंद होतो, इस्त्रीचा दिवा विझतो, फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. अशा रीतीने वेळा विखुरल्यामुळे सर्वांची एकसमयी मागणी बेरजेहून पुष्कळ कमी राहते, आणि बिऱ्हाडे जितकी अधिक तितका हा अंदाज भरवशाचा ठरतो. एकट्या घराच्या तारेला मात्र ही सवलत नाही.

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज पुरविणारा 'बेस्ट' उपक्रम 1905 साली कंपनी म्हणून स्थापन झाला व 7 ऑगस्ट 1947 रोजी महापालिकेच्या मालकीचा झाला. त्याच्या भूमिगत केबलींतून 11,000 व्होल्टने आलेली वीज वस्तीतल्या सबस्टेशनात सुमारे 400 व्होल्टवर उतरते, आणि घरात एका फेजवर 230 व्होल्टने पोहोचते.

एसीने एकसमयी मागणीचा हा सारा हिशेब बिघडविला आहे. मे महिन्यातील दमट रात्री तो घरोघरी एकाच वेळी लागतो आणि पहाटेपर्यंत चालतो, म्हणजे वेळांचे विखुरणे ज्या आधारावर मोजले तो आधारच सुटतो. प्रवाह दीडपट झाला की केबलीतील उष्णता सव्वादोनपट होते. पूर्वी मध्यरात्रीनंतर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला थंड होण्यास जी फुरसत मिळे तीही आता मिळत नाही, आणि आतील वेष्टनाचा कागद अकाली जीर्ण होतो.

म्हणून नवा एसी बसविताना वाढीव भाराचा अर्ज करणे ही केवळ कागदी औपचारिकता नव्हे, कारण केबलीची जाडी ठरविणाऱ्यासमोर दप्तरातला मंजूर भारच असतो. पुनर्विकासाच्या नकाशात सबस्टेशनची खोली दोन मोटारींच्या जागेपायी आक्रसू देणे मला अक्षम्य वाटते; आणि पावसाचे पाणी तुंबणाऱ्या अशा सखल भागात ती खोली तळघरात न नेता, पाण्याच्या पातळीहून वर, केबल दुरुस्तीची गाडी थेट दारापर्यंत येईल अशीच ठेवली पाहिजे.