सरकलेल्या तारा

जेट इंजिनाच्या पात्यांवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं होतं. निकेलच्या पात्यावरच्या ॲल्युमिनियमयुक्त लेपातले अणू तापल्यावर हळूहळू आत मुरतात आणि लेप दुबळा होतो. हा वेग मोजतात कसा, ते शोधताना मी १९४७च्या एका प्रयोगात गुंतून पडले.

घन धातूतही अणू फिरतात, हे आधीच ठाऊक होतं. लंडनच्या शाही टांकसाळीतल्या रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी घन शिशात सोनं पसरण्याचा वेग मोजून १८९६मध्ये मांडला होता. पण अणू फिरतात कसे? फुगडीतल्या जोडीसारखी ते आपसात जागांची अदलाबदल करतात, असं बहुतेकांना वाटे.

१९४७च्या त्या प्रयोगात डेट्रॉइटच्या अर्नेस्ट किर्केंडॉल आणि स्मिगेल्स्कस यांनी पितळेच्या कांबीच्या समोरासमोरच्या बाजूंवर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवल्या आणि वरून तांब्याचा जाड थर चढवला. मॉलिब्डेनम या दोन्ही धातूंत विरघळत नाही. तारा फक्त मूळ सीमारेषेची खूण. मग ७८५ अंश सेल्सिअसची भट्टी, ५६ दिवसांपर्यंत. अदलाबदल सारखी असती तर तारा जागच्या हलल्या नसत्या. त्या आत सरकल्या. समोरासमोरच्या तारांमधलं अंतर सुमारे पाव मिलिमीटरनं घटलं! पितळेतलं जस्त बाहेर पडत होतं, पण त्याच्या बदल्यात तितकं तांबं आत येत नव्हतं. म्हणजे अणू शेजारच्या रिकाम्या जागेत उडी घेतात, आणि जस्ताच्या उड्या अधिक. रॉबर्ट मेल यांच्यासारख्या धातुशास्त्रातल्या दिग्गजाला हे पटेना. १९५१मध्ये त्यांच्याच प्रयोगांनी ते पक्कं केलं. केसाएवढ्या तारेनं एवढा मोठा वाद मिटवावा, याचं मला अजून नवल वाटतं.

पसरण्याचा वेग मोजायला आज दोन मिश्रधातूंचे गुळगुळीत तुकडे दाबून जोडतात, तापवतात, आडवे कापून घासतात आणि इलेक्ट्रॉनच्या झोतानं मायक्रॉनमायक्रॉनवर प्रमाण मोजतात. दोनच मूलद्रव्यं असतील तर एका जोडीवर भागतं. तीन झाली की पसरण्याच्या वेगाचे चार गुणांक काढावे लागतात आणि त्यासाठी दोन जोड्यांच्या आलेखरेषा नेमक्या एका प्रमाणाशी छेदाव्या लागतात. पाच मूलद्रव्यांना सोळा गुणांक, चार जोड्या. आणि चार मितींच्या अवकाशात त्या रेषा एकमेकींना चुकवूनच जातात. म्हणून तीन मूलद्रव्यं दोन्हीकडे सारखी ठेवून दोनच बदलतात. त्याचाही भरवसा नाही. १९४९मध्ये धातुशास्त्रज्ञ डार्कन यांनी जवळपास सारखाच कार्बन असलेले पोलादाचे दोन तुकडे जोडले, एकात सिलिकॉन जास्त. कार्बन त्या तुकड्यातून निघून दुसऱ्यात साचला. पाच धातूंच्या जोडीत सारखं ठेवलेलं मूलद्रव्य असं मध्येच उसळलं, की ती जोडी बाद. प्रमाण बदलून धातू पुन्हा वितळवायचे.