पहिले आर्गन मशीन घेताना

घराला लागून असलेल्या शेडमध्ये ग्रिल-दरवाजे करणाऱ्या कारागिराकडे स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगचे काम आले की, टिग म्हणजेच बाजारभाषेतले आर्गन वेल्डिंग मशीन घेण्याचा विचार सुरू होतो. दुकानदार आधी अँपिअर सांगतो. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे. तुमच्या दारात कोणता धातू येतो?

लोखंड, स्टेनलेस, तांबे यांना डीसी प्रवाह पुरतो. अ‍ॅल्युमिनियमचे तसे नाही. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर दोन हजार अंशांपर्यंत दाद देत नाही. तो फोडायला एसी प्रवाह लागतो. म्हणून रेडिएटर, इंजिनचे केसिंग अशी कामे करायची तर एसी-डीसी मशीनच हवे, आणि त्याची किंमत बरीच जास्त असते. दोन-तीन महिन्यांतून एखादाच असा जॉब येत असेल तर तो बाहेरून करून घ्यावा. उलट तुमचा धंदाच गाड्यांचा असेल तर स्वस्त म्हणून डीसी घेऊ नये, कारण नंतर त्यात एसीची सोय करून मिळत नाही.

अँपिअरचा ढोबळ हिशेब एका मिलिमीटर जाडीला ४० असा आहे. दीड मिलिमीटरच्या नळीला साठेक पुरतात. तेव्हा २०० अँपिअरचे मशीन पुष्कळ झाले. ते अगदी खाली, दहा अँपिअरवर स्थिर चालते का, हे पाहणे अधिक गरजेचे, कारण पातळ पत्रा जळतो तो तिथेच. पाटीवर ‘६० टक्के’ ड्यूटी सायकल लिहिली असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती, असे समजावे. पण हा आकडा किती अँपिअरला आणि किती तापमानाला दिला आहे, तेही वाचावे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो टिकेलच असे नाही. घरगुती मीटरवर चालवणार असाल तर मंजूर भार इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या.

हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट असलेलेच घ्या, असा आमचा आग्रह आहे. घासून पेटवताना टंगस्टनचे टोक जॉबला चिकटते आणि प्रत्येक वेळी पुन्हा ग्राइंड करावे लागते. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सारी थोरियम असते. त्याची भुकटी श्वासात जाऊ नये, म्हणून राखाडी टोकाचे सिरियमवाले मागावे.

सगळी रक्कम मशीनवर घालवू नका. सिलिंडर, रेग्युलेटर, टॉर्च, काच हा खर्च वेगळा आहे. सात घनमीटरचे सिलिंडर मिनिटाला आठ लिटरने सुमारे साडेचौदा तास चालते. गॅस शुद्ध आर्गनच हवा. कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या गॅसने टंगस्टन जळते. पंख्याचा झोतही जॉबवर नको, कारण गॅस उडून सांधा काळा पडतो. मात्र शेड पूर्ण बंदही करू नये. आर्गन हवेहून जड असल्याने खाली साचतो आणि श्वास कोंडतो.

पैसे मोजण्याआधी आपल्याच कामातला नळीचा तुकडा दुकानात न्यावा आणि स्वतः जोडून पाहावा.