मिरासदार सरांचं हसू आणि आपलं गाव

मंचरच्या पुढे एका वाडीत कांदा साठवणुकीवर आमची सभा होती. दुपारची वेळ, देवळातला गारवा. मंडळी पेंगू लागली म्हणून मी एका अडाणी म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. पोरं हसली. मागच्या खांबाजवळून एक बाबा उठले अन् म्हणाले, "सायब, आमालाच हसता काय?" सभा तिथंच मोडली. चाळीची रुंदी किती घ्यायची, हे पुढं कुणी विचारलं नाही.

घरी जाताना गाडीवर मला द. मा. मिरासदार आठवले. त्यांनी तर हयातभर खेड्यातल्या माणसांवर हसवलं, आणि ऐकायला खेड्यातलीच माणसं बसायची. त्यांना कसं जमलं?

मिरासदारांचा जन्म १९२७ सालचा, अकलूजचा. शिक्षण पंढरपूरला व पुढे पुण्यात. काही काळ पत्रकारिता करून १९५२ पासून ते शिक्षकी पेशात आले, १९६१ साली मराठीचे प्राध्यापक झाले. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात त्यांनी शिकवलं. एका कथासंग्रहाचं नाव 'माझ्या बापाची पेंड'. खता-पेंडीत वावरणाऱ्या आम्हा लोकांना हे नाव वाचूनच पुस्तक उचलावंसं वाटतं!

प्राध्यापक माणूस, पण वर्गाच्या चार भिंतीत मावला नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार हे तिघे गावोगाव कथाकथन करीत. ना पडदा ना ढोलकी. एक माणूस उभा राहून बोलतो आणि लोक तासन्‌तास हलत नाहीत. विस्तार कार्यात आम्हाला भाषणाचे धडे देतात, पण हे कुठं शिकवत नाहीत. त्यांनी 'मी लाडाची मैना तुमची' हे वगनाट्य लिहिलं, सिनेमासाठीही लेखणी चालवली. १९८२ सालच्या 'एक डाव भुताचा'मध्ये अशोक सराफांचं भूत आणि दिलीप प्रभावळकर ही जोडी गाजली. त्यात मिरासदार स्वतः हेडमास्तर झाले होते. मास्तरकीची हौस पडद्यावरही फिटली म्हणायची. १९९८ साली परळीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. २०२१ च्या २ ऑक्टोबरला ते गेले.

आता मूळ सवाल. त्यांच्या विनोदी गोष्टींतल्या गावात थापाडे, रिकामटेकडे, भोळे सगळे भेटतात. सोसायटीचं थकलेलं कर्ज आणि करपलेलं पीक फारसं भेटत नाही. ही उणीव मला जाणवते. 'विरंगुळा', 'स्पर्श' यांसारख्या गंभीर कथाही त्यांनी लिहिल्या, पण लोकांच्या तोंडी राहिल्या त्या हसवणाऱ्या.

तरी गावानं त्यांना परकं मानलं नाही. याचं उत्तर आपल्या नारायणगावातच आहे. यात्रेच्या हंगामाआधी तिथल्या राहुट्यांवर गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांची ही भूमी. गण-गवळण झाली की वग लागतो आणि सोंगाड्या राजाची फिरकी घेतो, प्रधानाची घेतो, समोर बसलेल्या पाटलाचीही घेतो. पण सगळ्यात आधी तो स्वतःला बावळट करून घेतो. म्हणून त्याचा कुणाला राग येत नाही. मिरासदारांच्या गोष्टीत मास्तरची जी गंमत होते तिच्यात मला हाच सोंगाड्या दिसतो. लिहिणारा स्वतःच मास्तर, हे विसरून चालणार नाही. मी मात्र देवळात साहेब होऊन उभा होतो अन् म्हाताऱ्याला बावळट केलं.

पंधरा दिवसांनी त्याच वाडीत पुन्हा गेलो. या वेळी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतात लसणाच्या वाफ्याला कांदा समजून सल्ला दिला होता, ती माझीच फजिती सांगितली. बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावला. खांबाजवळचे बाबा मिशीत हसले, थोडं पुढं सरकून बसले अन् म्हणाले, "आता ते चाळीचं सांगा. तोंड कुठल्या दिशेला घ्यायचं?"