वर्धा परिसरातील प्रेक्षणीय स्थळे : ख्रिस्ती यात्रेकरूंसाठी एक ओळख

विदर्भात जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामांच्या सहली बहुधा नागपूरला मुक्काम करतात आणि ताडोबाच्या वाघांकडे वळतात. वर्ध्याच्या वाट्याला आलाच तर अर्धा दिवस येतो. सेवाग्रामच्या कुटीसमोर एक समूहछायाचित्र, खादीची थोडी खरेदी, की बस पुढे निघते. वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही आणि भव्य किल्ल्यांचा दिमाखही नाही, तेव्हा 'येथे पाहावयाचे तरी काय?' हा प्रश्न रास्तच आहे. येथील वास्तू साध्या आहेत. परंतु त्यांत काय घडले हे ठाऊक असेल तर एक दिवस अपुरा पडतो. शिवाय या भूमीशी ख्रिस्ती माणसाचे एक जुने नाते आहे, जे मार्गदर्शक सहसा सांगत नाहीत.

नागपूरहून वर्धा सुमारे ७५ किलोमीटर आहे. मुंबई–हावडा लोहमार्गावरील हे स्थानक असल्याने मुंबईहूनही थेट जाता येते. सेवाग्राम तेथून सुमारे आठ किलोमीटर. वैशाख-ज्येष्ठातील ऊन मात्र असह्य असते, म्हणून मुलांच्या सुट्टीचा मोह टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

१९३० साली साबरमती सोडलेले गांधीजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्यास आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी जवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावमुळे टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये त्या खेड्याचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. आश्रमातील पहिले निवासस्थान म्हणजे 'आदि निवास'. 'बापू कुटी' ही मुळात मीराबेन यांची झोपडी. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठवलेली झाडे आणि चरखा. साप पकडून दूर सोडण्याचा चिमटा व पिंजरा आणि व्हाइसरॉयशी तातडीने बोलता यावे म्हणून बसवलेला दूरध्वनी ही मुलांची आवडती ठिकाणे. 'छोडो भारत'चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच संमत केला. गांधीजी १९४६ मध्ये सेवाग्रामहून गेले ते परत आले नाहीत.

याच बापू कुटीत १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार आठवडाभर गांधीजींना भेटत होते. मातीच्या भिंतीवर एकच चित्र टांगलेले त्यांनी पाहिले. ते प्रभू येशूचे होते. त्याखाली संत पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातील (२:१४), ख्रिस्ताला शांती म्हणणारे वचन होते. १९३१ च्या डिसेंबरात रोमला गेले असता पोप अकरावे पायस यांची भेट गांधीजींना मिळाली नाही. सिस्टाइन चॅपेलमधील क्रुसापुढे मात्र ते भारावून उभे राहिले होते. हे सांगताना दुसरी बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या कार्यावर गांधीजींनी वारंवार टीका केली आणि सेवेमागे तो हेतू नसावा असे स्पष्टपणे बजावले. कुटीसमोर उभे राहताना या दोन्ही गोष्टी आठवणे आपल्याला जड जाईल, पण त्यांतील एक सोडून दुसरी घेता येत नाही.

आश्रमात 'परचुरे कुटी' आहे. बहुतेक सहली तिच्यावरून चालत जातात. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान आणि येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे सहबंदी. कुष्ठरोग झाल्यावर ते आश्रयासाठी सेवाग्रामला आले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते आणि संसर्गाची भीती मोठी होती. तरीही त्यांना ठेवून घेण्यात आले आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. संत फ्रान्सिस असिसीकर आणि २००९ मध्ये संतपदी विराजमान झालेले फादर डेमियन यांना ओळखणाऱ्या वाचकाला या झोपडीचे अधिक स्पष्टीकरण नको. जवळच्याच दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले होते. 'आनंदवन' उभारणारे बाबा आमटे याच जिल्ह्यातील हिंगणघाटचे.

वर्धा शहरातील मगनवाडीकडे आपल्या सहलींनी अवश्य जावे. गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उद्घाटन केलेले मगन संग्रहालय येथे आहे. चरखे आणि ग्रामोद्योगांची अवजारे पाहताना ज्यांचे नाव लक्षात ठेवावयाचे ते जे. सी. कुमारप्पा. तंजावरच्या तमिळ प्रोटेस्टंट कुटुंबात ४ जानेवारी १८९२ रोजी जन्मलेल्या या गृहस्थांचे मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. पुढे १९२९ मध्ये गांधीजींची भेट आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची मगनवाडीतील धुरा. साम्राज्याच्या हिंसेपुढे मौन पाळणाऱ्या चर्चच्या अधिकाऱ्यांना त्यांनी जाहीरपणे जाब विचारला. तुरुंगवासात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक प्रभू येशूच्या शिकवणीवर आणि दुसरे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना लाभली. निसर्गाचे भांडवल संपवणारी अर्थव्यवस्था टिकत नाही, हे त्या दुसऱ्या पुस्तकाचे सूत्र. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक त्यानंतर सत्तर वर्षांनी, २०१५ मध्ये आले. त्यावरील अभ्यासवर्ग आपल्याकडे होतात, पण कुमारप्पांचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो, याची खंत वाटते. गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ३० जानेवारी १९६० रोजी, त्यांचे निधन झाले.

सेवाग्रामच्या 'नई तालीम'चे सूत्रधार ई. डब्ल्यू. आर्यनायकम हेही सिलोनचे तमिळ ख्रिस्ती होते. हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडली गेली. आपल्या शाळांतील शिक्षकांनी तेथील परिसरात थोडे रेंगाळावे.

शहरातील लक्ष्मीनारायण मंदिर बाहेरून इतर मंदिरांसारखेच आहे. जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये, सनातन्यांचा विरोध पत्करून, ते दलितांसह सर्वांना खुले केले. दक्षिणेतील काही चर्चमध्ये दलित ख्रिस्ती बांधवांना वेगळी बाके आणि दफनभूमीत वेगळी जागा दिली जात असे, हे स्मरून त्या पायऱ्या चढाव्यात.

पवनार हे धाम नदीकाठचे गाव नागपूर रस्त्यावर आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे अभ्यासक मानतात. आश्रमाच्या शेतात खोदताना विनोबांना सापडलेले भरत-राम भेटीचे शिल्प येथे जपलेले आहे. विनोबांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात ब्रह्मचारिणी भगिनी सामूहिक साधना व शरीरश्रम करीत राहतात. निर्णय सर्वसहमतीने होतात. आपल्या धर्मभगिनींना येथे बोलण्यासारखे पुष्कळ सापडेल. विनोबांनी शुभवर्तमानांचा व पत्रांचा अभ्यास करून 'ख्रिस्तधर्म-सार' हे संकलन सिद्ध केले होते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला.

गोपुरीतील छप्पर व मूर्ती नसलेले गीताई मंदिर आणि शेजारचा विश्वशांती स्तूप तासाभरात पाहून होतात. निसर्गप्रेमींसाठी बोर अभयारण्य आहे. २०१४ मध्ये घोषित झालेला हा व्याघ्र प्रकल्प देशातील सर्वांत लहानांपैकी एक आहे. गिरडची टेकडी बाबा फरीद यांच्या नावाने ओळखली जाते आणि तेथे सर्व धर्मांचे भाविक जातात.

सकाळी मगनवाडी व लक्ष्मीनारायण मंदिर, दुपारी पवनार आणि संध्याकाळी सेवाग्राम असा क्रम सोयीचा पडतो, कारण आश्रमाच्या अंगणातील सर्वधर्म प्रार्थना सायंकाळी होते. तिला बसावयाचे असेल तर बसचालकास आधीच सांगून ठेवावे. जमिनीवर बसणे ज्यांना कठीण जाते अशा वृद्धांची सोय अगोदर विचारून घ्यावी. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी १२ तारीख साधावी. १९४८ मध्ये त्या दिवशी गांधीजींच्या अस्थींचे धाम नदीत विसर्जन झाले. त्या स्मृतीसाठी पवनारला सर्वोदय मेळा भरतो.