ओट्याइतक्या उंचीचं पिनबॉल

ठाणे जिल्ह्यात जांभूळ हे नाव बहुतेकांना पाण्यामुळे माहीत आहे. एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आमच्या गावात आहे. तिथे दुरुस्ती निघाली की दिवा, मुंब्रा, कळव्याचे नळ कोरडे पडतात. नदीचं गढूळ पाणी एका दमात पिण्याजोगं होत नाही. आधी तुरटी, मग गाळ खाली बसू देणं, मग वाळूच्या थरांतून गाळणं आणि शेवटी क्लोरीन. आधीचा टप्पा फसला असेल तर पुढच्यावर कितीही मेहनत घेऊन उपयोग नसतो.

घरच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल रिॲलिटीतलं (व्हीआर) पिनबॉल उभं करताना मला हाच क्रम कामाला आला. हे काम अवघड नाही, पण ते सात-आठ वेगवेगळ्या तुकड्यांचं आहे. सगळे तुकडे एकाच रात्री जोडले आणि काही चाललं नाही, तर चूक कुठे आहे हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून एक टप्पा पुरा करायचा, तो चालतोय याची खात्री करायची आणि मगच पुढे जायचं.

खेळ आपल्या ओळखीचाच

खिळे ठोकलेली लाकडी पाटी, कडेला स्प्रिंगचा दांडा आणि चार-पाच छर्रे. हे बगाटेल आपल्याकडच्या कितीतरी घरांत सुट्टीच्या दिवसांत निघायचं. पिनबॉलचा जन्म त्याच खेळातून झाला. स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत १८७१ साली घेतलं. चेंडू परत वर उडवणारे फ्लिपर मात्र १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात पहिल्यांदा आले. तोपर्यंत एकदा सोडलेला छर्रा खाली येताना बघत राहणं, फार तर टेबलाला हलका धक्का देणं, एवढंच खेळणाऱ्याच्या हातात होतं.

महाराष्ट्रातल्या एका पिढीची दुसरी ओळख कॉम्प्युटरवरची. २००१ साली एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी विंडोज एक्सपी आलं. त्यात ‘स्पेस कॅडेट’ नावाचं पिनबॉल आयतंच मिळायचं. माउस धरायला शिकता शिकता अनेकांची बोटं त्या खेळावर बसली. पुढे विंडोज व्हिस्टामधून तो खेळ गायब झाला. त्याचं कारण मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी नंतर सांगितलं आहे. ६४ बिटच्या आवृत्तीत चेंडूला कशाचीच टक्कर लागेना. तो दांड्यावर यायचा आणि दांड्यातूनच आरपार खाली निघून जायचा. पिनबॉलचा सगळा जीव टकरीत आहे, हे यावरून समजावं.

खरं यंत्र घरी आणावं म्हटलं तर त्याचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास आणि किंमत लाखांत. जांभूळच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते येणं कठीण. पण पडद्यावरच्या पिनबॉलमध्ये एक मोठी उणीव राहते, ती म्हणजे चित्राला खोलपणा नसतो. टेबल सपाट चित्रासारखं दिसतं. रॅम्प किती उंच आहे, चेंडू फ्लिपरच्या नेमका किती जवळ आला, हे अंदाजानं ठरवावं लागतं. डोळ्यांवर चढवायचा व्हीआरचा हेडसेट मात्र प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६३ मिलिमीटर असतं, तेवढ्या फरकानं काढलेली ही दोन चित्रं मेंदू एकत्र करतो आणि टेबल समोर उभं राहतं. वाकून रॅम्पखाली डोकावता येतं. शिवाय इथे आपण एका जागी उभे असतो आणि टेबलही हलत नाही. व्हीआरमधल्या धावाधावीच्या खेळांत डोळ्यांना हालचाल दिसते पण शरीराला जाणवत नाही, म्हणून मळमळतं. पिनबॉलमध्ये तो त्रास क्वचितच होतो.

पहिला टप्पा: साध्या पडद्यावर

हेडसेट डब्यातच राहू द्या. आधी ‘व्हिज्युअल पिनबॉल’ बसवायचं. रँडी डेव्हिस यांनी २००० साली सुरू केलेला हा प्रोग्राम आज मोफत आणि मुक्तस्रोत आहे. जगभरातले हौशी लोक त्यावर टेबलं तयार करतात. त्याची दहावी आवृत्ती सध्या वापरात आहे. पूर्वी व्हीआरसाठी त्याची वेगळी शाखा होती, १०.८ पासून ती सोय मूळ प्रोग्राममध्येच आली. त्यामुळे १०.८ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या.

कॉम्प्युटर विंडोज १० किंवा ११ चा, सोळा जीबी रॅमचा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला हवा. आरटीएक्स ३०६० च्या दर्जाचं कार्ड असेल तर काम निवांत होतं.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा. एक, प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका. तिथे विंडोज लिहायला परवानगी देत नाही आणि तुमचे स्कोअर साठवले जात नाहीत. सी ड्राइव्हवर सरळ एक वेगळा फोल्डर करा. दोन, नेटवरून उतरवलेल्या झिप फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ची खूण करा आणि मगच ती उघडा. तीन, ६४ बिटचा प्रोग्राम घेतला तर त्याच्या सोबतचे सगळे तुकडेही ६४ बिटचेच हवेत.

आता प्रोग्राममधलं नमुन्याचं टेबल उघडा आणि खेळा. डावी शिफ्ट आणि उजवी शिफ्ट हे फ्लिपर, एंटर म्हणजे दांडा, ५ दाबलं की नाणं पडतं, १ दाबलं की खेळ सुरू. स्पेस कॅडेटची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथे झेड आणि तिरक्या रेघेची कळ हे फ्लिपर होते, इथे त्याच कळा टेबलाला धक्का देतात.

आणि इथे एक हमखास घोळ होतो. शिफ्ट पाच वेळा भरभर दाबली की विंडोज ‘स्टिकी कीज’ची खिडकी उघडतं आणि चेंडू ऐन रंगात असताना खेळ थांबतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन तो शॉर्टकट आजच बंद करा. हेडसेट डोक्यावर असताना ही खिडकी दिसतही नाही.

टक्कर कशी मोजली जाते

चेंडू सेकंदाला दोन मीटर वेगानं जातोय असं धरू. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटतात, म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये चेंडू ३.३ सेंटीमीटर सरकतो. खुद्द चेंडूचा व्यास २.७ सेंटीमीटर. प्रत्येक चित्रापुरतीच टक्कर तपासली, तर बारीक वस्तू ओलांडून तो पलीकडे पोहोचलेला असेल. म्हणून व्हिज्युअल पिनबॉल गतीचा हिशेब चित्रांपासून वेगळा ठेवतं आणि सेकंदाला हजार वेळा करतं. मग दर पावलाला चेंडू दोनच मिलिमीटर सरकतो. टेबलाचा उतार, रबराची उसळी, फ्लिपरचा जोर हे सगळं त्या हिशेबात येतं. खरी आधुनिक यंत्रं साधारण साडेसहा अंशांनी कललेली असतात. तेवढ्या कलण्यावर चेंडू कसा घरंगळतो हे बोटांना एकदा कळलं, की चांगलं आणि वाईट बनवलेलं टेबल लगेच ओळखता येतं.

दुसरा टप्पा: हेडसेट जोडणं

मेटा क्वेस्ट २ किंवा ३ सारखा हेडसेट असेल तर कॉम्प्युटरवर स्टीम आणि स्टीमव्हीआर बसवा, हेडसेटमध्ये स्टीम लिंक. पिनबॉल अजून उघडू नका. फक्त स्टीमव्हीआरची मोकळी खोली दिसते का आणि मान वळवल्यावर ती थरथरते का, एवढंच बघा. थरथरत असेल तर दोष पिनबॉलचा नाही, जोडणीचा आहे.

बिनतारी जोडणीचा नियम साधा आहे. कॉम्प्युटर ते राउटर केबलनं, राउटर ते हेडसेट ५ गिगाहर्ट्‌झवर, आणि राउटर त्याच खोलीत. पिनबॉलला इथे विशेष जपावं लागतं. बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत समजा ४० मिलिसेकंद उशीर झाला, तर सेकंदाला दोन मीटर जाणारा चेंडू तेवढ्यात ८ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. फ्लिपरची लांबीच तेवढी आहे! मान वळवताना होणारा उशीर हेडसेट चित्र सरकवून झाकतो, चेंडूचा उशीर त्याला झाकता येत नाही. बिनतारी जोडणी कुरकुरत असेल तर यूएसबी ३ ची चांगली केबल वापरा.

तिसरा टप्पा: टेबल खोलीत उभं करणं

आता व्हिज्युअल पिनबॉलची ‘जीएल’ असं नाव असलेली आवृत्ती उघडा. व्हीआरची सोय तिच्यात आहे. व्हीआरच्या सेटिंगमध्ये हेडसेट आपोआप ओळखण्याचा पर्याय निवडा आणि तेच नमुन्याचं टेबल सुरू करा.

पहिल्यांदा टेबल कमरेत घुसलेलं किंवा छताजवळ तरंगताना दिसेल. घाबरू नका. जिथे उभं राहायचं तिथे सरळ समोर बघत उभे राहा आणि कीबोर्डच्या उजव्या अंकपट्टीतली ५ दाबा. टेबल तुमच्यासमोर येतं. त्याच पट्टीतल्या ८ आणि २ नं ते वर-खाली होतं. खऱ्या यंत्राची पुढची पट्टी जमिनीपासून साधारण ८५ ते ९० सेंटीमीटरवर असते, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याइतकी. ओट्यापाशी उभं राहून हात टेकवून बघा आणि तीच उंची इथे लावा. उंची चुकली की नजरेचा कोन चुकतो आणि नेम बसत नाही.

मग वेग. हेडसेट ९० हर्ट्‌झवर असेल तर दोन्ही डोळ्यांची चित्रं मिळून ११ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवीत. ७२ वर जवळपास १४ मिळतात. कार्ड धापा टाकत असेल तर आधी प्रतिबिंबं आणि बारीक सावल्यांचे पर्याय बंद करा, मग रेझोल्यूशन थोडं उतरवा. चकाकी गेली तरी चालेल, चित्र अडखळता कामा नये.

चौथा टप्पा: जुन्या यंत्रांची टेबलं

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतची यंत्रं तारा आणि रिलेंवर चालायची. त्यांचे नियम टेबलाच्या स्क्रिप्टमध्येच लिहिलेले असतात. एक फाइल आणली की खेळ सुरू. सुरुवात यांच्यापासूनच करावी.

त्यानंतरच्या यंत्रांत चिप आली. त्या चिपमधला मजकूर म्हणजे रॉम, आणि ती चालवणारा प्रोग्राम पिनमेम. टेबल म्हणजे लाकूड आणि लोखंड, रॉम म्हणजे त्याचा मेंदू. रॉमची झिप फाइल उघडायची नसते, जशीच्या तशी पिनमेमच्या रॉम फोल्डरमध्ये ठेवायची असते. तिचं नाव स्क्रिप्टमध्ये मागितलेल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. या चिपांचे हक्क कंपन्यांकडे असतात, त्यामुळे वापरायची परवानगी आहे तेच घ्यावं. हौशी लोकांनी स्वतःच्या कल्पनेनं घडवलेली टेबलंही उत्तम आहेत आणि तिथे हा प्रश्नच येत नाही.

टेबल निवडताना त्यात ‘व्हीआर रूम’ आहे का ते बघा. नव्वदच्या दशकातल्या यंत्रांवर १२८ बाय ३२ ठिपक्यांचा पडदा असायचा. साध्या टेबलात तो वेगळ्या खिडकीत उघडतो, आणि ती खिडकी मॉनिटरवर दिसते, हेडसेटमध्ये नाही. व्हीआर रूम असलेल्या टेबलात मागची रंगीत काच, ठिपक्यांचा पडदा, चार पाय, सगळं जागच्या जागी असतं.

पाचवा टप्पा: हाताला काहीतरी खरं

माझ्या मामांना मी पहिल्यांदा हेडसेट लावला, तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत सहज टेबलावर हात टेकवला. तिथे टेबल नव्हतं. मी दंड धरला म्हणून ते सावरले. त्या दिवसापासून आभासी टेबलाच्या जागी खरं, जड, न हलणारं टेबल ठेवायचं असा माझा नियम आहे.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून प्लायची एक पेटी करून घेता येते: रुंदी खऱ्या यंत्राएवढी, म्हणजे साधारण ५६ सेंटीमीटर, आणि उंची ओट्याची. दोन्ही बाजूंना एकेक बटण. अशी बटणं आणि त्यांना यूएसबीत जोडणारी छोटी पट्टी मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. तोपर्यंत त्याच टेबलावर कीबोर्ड ठेवा आणि दोन्ही शिफ्टवर जाड चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे न बघता बोटं जागेवर जातील.

आमच्याकडचा पावसाळा चार महिने भिंती ओल्या ठेवतो. हेडसेटच्या भिंगांना बुरशी धरू नये म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. उन्हात तर कधीच नको. भिंगातून गेलेली किरणं आतला पडदा जाळतात. वीज जाण्याची सवय असेल तिथे कॉम्प्युटरला यूपीएस हवाच.

हे सगळं चार-पाच संध्याकाळींत होतं. अडकलात तर एक पायरी मागे जा. टेबलात बिघाड वाटला तर नमुन्याचं टेबल लावून बघा, तेही अडलं तर स्टीमव्हीआरची रिकामी खोली, तीही थरथरली तर राउटर.

मामा नंतरच्या रविवारी परत आले. या वेळी हाताखाली पेटी होती. त्यांनी दोन्ही तळवे तिच्या कडांवर टेकवले, चेंडू सोडला आणि तो खाली येताना मान वाकवून अगदी काचेशी नेली, लहानपणी बगाटेलच्या पाटीवर नेत असतील तशी. चेंडू डाव्या फ्लिपरच्या टोकाशी येईपर्यंत ते थांबले आणि मग बोट दाबलं. रॅम्प लागला. कसं जमलं विचारलं तर म्हणाले, “दिसला ना येताना.”