अंगावर पित्त उठवणाऱ्या पेशी

डिसेंबर उजाडला की निफाडच्या थंडीच्या बातम्या सुरू होतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या आसपास घुटमळतो आणि द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. याच दिवसांत काही जणांना वेगळाच त्रास सुरू होतो. दुचाकीवर गार वारा लागला किंवा हौदाच्या पाण्यात हात घातला की अंगावर लालसर, खाजऱ्या गांधी उठतात. घरचे आमसुलाचं पाणी चोळतात. तासाभरात गांधी विरतात आणि ‘पित्त उठलं होतं’ एवढ्यावर विषय संपतो.

आपल्याकडच्या वैद्यांना हे जुनंच ठाऊक आहे. माधवनिदानात शीतपित्ताचं कारण सांगताना गार वाऱ्याचा स्पर्श आवर्जून नोंदवला आहे. त्या वाऱ्याने त्वचेत नेमकं काय घडतं, हे मात्र गेल्या दीडशे वर्षांत उलगडत गेलं.

त्वचेच्या आत, बारीक रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या कडेने मास्ट पेशी बसलेल्या असतात. 1878 मध्ये पॉल एर्लिक या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. या पेशी कणांनी गच्च भरलेल्या दिसतात. त्या कणांमध्ये हिस्टामिन असतं, हे कळायला 1953 साल उजाडावं लागलं. मास्ट पेशी चेतवली गेली की काही मिनिटांत कण बाहेर पडतात. हिस्टामिनमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतला द्रव आजूबाजूला झिरपतो. कालव्याला पाझर फुटून शेजारचं वावर ओलं व्हावं, तशी ती जागा फुगते. तीच गांध. मज्जातंतू चाळवले जातात, म्हणून खाज.

गांध अशीच उठते, पण मास्ट पेशीला चेतवणारा दर वेळी वेगळा असतो. उपचारांची दिशा त्यावरून ठरते, म्हणून हा फरक समजून घ्यायला हवा.

कोळंबी किंवा शेंगदाणे खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंग भरून येतं, ती खरी अ‍ॅलर्जी. तिच्यामागे 1966 मध्ये शोधलं गेलेलं आयजीई हे प्रतिपिंड असतं. ते मास्ट पेशीवर आधीच बसलेलं असतं आणि ओळखीचा पदार्थ आला की पेशीला इशारा देतं. काही औषधांना आयजीईचीही गरज लागत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक मास्ट पेशीवरच्या दुसऱ्याच दाराने थेट तिला चेतवू शकतं. लहान मुलांमध्ये अचानक उठणाऱ्या गांधींमागे बहुतेकदा साधा विषाणुसंसर्ग असतो.

थंडीच्या पित्तात मास्ट पेशी गारव्याने चेतवल्या जातात. डॉक्टर पिशवीत गुंडाळलेला बर्फाचा खडा हातावर पाच मिनिटं ठेवतात. जागा पुन्हा ऊबदार होताना तिथे गांध उठली की निदान होतं. हा प्रकार किरकोळ समजू नये. गार पाण्यात सगळं अंग बुडालं तर एकाच वेळी असंख्य मास्ट पेशी रिकाम्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी विहिरीत उडी मारू नये. रामकुंडावर भल्या पहाटे बुडी घेण्याआधीही डॉक्टरांना विचारावं.

सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत ते सहा आठवड्यांहून अधिक काळ, उघड कारणाशिवाय, पुन्हा पुन्हा उठणाऱ्या पित्ताबद्दल. हे रुग्ण आधी वांगी सोडतात, मग अंडी, तूरडाळ आणि आंबट. गांधी उठतच राहतात, कारण खोट बहुधा ताटात नसतेच. 1993 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं, की अशा काही रुग्णांच्या रक्तात मास्ट पेशीवरच्या आयजीईच्या खाचेवरच हल्ला करणारी प्रतिपिंडं असतात. काहींमध्ये आयजीई स्वतःच्याच थायरॉइडमधल्या प्रथिनाविरुद्ध तयार झालेलं असतं. म्हणजे शरीर आपल्याच पेशींना डिवचत राहतं. यात मास्ट पेशी एकट्या नसतात. रक्तातल्या बेसोफिल पेशी त्वचेत शिरतात, त्यामुळे आजार भरात असताना रक्तात त्यांची संख्या घटलेली दिसते. इओसिनोफिल आणि टी पेशीही तिथे जमतात.

आणखी एक प्रकार चटकन ओळखायला हवा. साधी गांध एका जागी चोवीस तासांपेक्षा जास्त टिकत नाही. ती दोन-तीन दिवस तशीच राहिली, खाजेपेक्षा आग जास्त झाली आणि जाताना काळसर डाग उरला, तर रक्तवाहिन्यांनाच सूज असण्याचा संभव असतो. तिथे बहुधा न्यूट्रोफिल पेशींचा हात असतो, आणि त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. त्यासाठी घरी एक सोपी नोंद ठेवता येते. नव्या गांधीभोवती पेनाने गोल काढा, वेळ लिहा आणि फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

उपचारात झोप न आणणाऱ्या हिस्टामिनविरोधी गोळ्या पहिल्या येतात. त्या पित्त उठेल तेव्हा नव्हे, रोज घ्यायच्या असतात. गरज पडली तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवतात. तरीही भागलं नाही तर आयजीईला पकडून ठेवणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत 2014 पासून ते या आजारासाठी वापरात आहे, आपल्याकडेही मिळतं, पण महाग आहे. त्याउलट गावोगावी ‘एका सुईत पित्त बसतं’ म्हणून वरचेवर दिलं जाणारं स्टेरॉइड स्वस्त असतं. पण ते वारंवार घेतल्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि मूळ आजार जागचा हलत नाही. ही पद्धत थांबलीच पाहिजे.

गांधींसोबत जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला किंवा चक्कर आली, तर आमसूल आणि गोळ्या शोधत बसू नका. 108 ला फोन करा आणि जवळचं रुग्णालय गाठा. तिथे मांडीच्या स्नायूत दिलं जाणारं अ‍ॅड्रेनॅलिन हेच त्या क्षणाचं पहिलं औषध आहे.