अर्धे स्वादुपिंड दिल्यावर

मुलाला लहानपणीच मधुमेह जडला की रोजची इन्शुलिनची सुई पाहून 'माझ्या स्वादुपिंडाचा तुकडा त्याला द्या' असे आईवडिलांना वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९७९ साली जिवंत दात्याच्या अर्ध्या स्वादुपिंडाचे असे रोपण झालेही. पण दात्याचे पुढे काय होते?

यकृत कापले तरी पुन्हा वाढते. स्वादुपिंड तसे भरून येत नाही. उरलेल्या अर्ध्या भागालाच सगळे इन्शुलिन पुरवावे लागते. तेथील डॉक्टरांच्या १९९० सालच्या पाहणीत ग्लुकोज देऊन तपासले असता २८ निरोगी दात्यांपैकी ७ जणांची रक्तातील साखर प्रमाणाबाहेर आढळली. पुढे वजन वाढलेल्यांत हा धोका अधिक दिसला. आज ही रोपणे बहुतांशी मेंदूमृत दात्यांकडून होतात.

गाठ किंवा अपघातामुळे स्वादुपिंडाचा भाग काढावा लागलेल्यांनीही सावध राहावे. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या अशा रुग्णांनी अवेळी खाणे टाळावे, वजन आटोक्यात ठेवावे आणि दरवर्षी उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी. दहा वर्षे काही झाले नाही, म्हणून तपासणी सोडू नये.